बाकावरची दोन माणसं

मेरिदा शहरात नीवेस लग्नांचे फोटो काढायची, पण तिचा जीव रमायचा चौकातल्या अनोळखी माणसांत. एका दुपारी एकाच बाकावर तिथल्या कुस्तीच्या रिवाजाप्रमाणे काळा मुखवटा घातलेला डोंगराएवढा पैलवान आणि पांढऱ्याशुभ्र झग्यातली काटकुळी म्हातारी, एकमेकांकडे पाठ करून, नारळाचं आइस्क्रीम चाटत बसली होती. नीवेसने गुपचूप फोटो टिपला आणि मग दोघांना दाखवला.

"अगं बाई, मी एवढीशी?" म्हातारी म्हणाली.

"आजी, तुमच्याशेजारी बसलो म्हणून तर मी असा रेडा दिसतोय!" पैलवान खदखदा हसला.

दोघांच्या होकाराने तो फोटो बाजाराच्या भिंतीवर भलामोठा लागला. लग्नाच्या फोटोखाली कधी कुणी तिचं नाव घातलं नव्हतं. इथे ते ठळक होतं. नीवेस ताठ मानेने त्याखाली उभी राहिली.