फाटकासमोरचा रस्ता

टेकडीवर रोज सकाळी आमची म्हाताऱ्यांची बैठक. चालणं कमी, बोलणं जास्त. एका रस्त्यापायी इतके किस्से साठलेत की टेकडीशेजारी दुसरी टेकडी व्हावी!

रस्ता दौलताबादकडं जाणारा. एका बाजूला आमची वस्ती, दुसऱ्या बाजूला टेकडीचं फाटक. मधून गाड्या सुसाट. टेकडीवरच्या कडुनिंबांना आम्हीच कॅननं पाणी घालतो. आमचे सलीमभाई रिटायर टेलर, त्यांचा एक गुडघा वाकत नाय. ते म्हणतात, "एक दिवस मी रस्त्यातच राहीन, आणि वर झाडं वाळतील." म्हणून स्पीड ब्रेकर मागितला. एवढंच!

*

रस्तेखात्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी आमचा अर्ज वाचून विचारलं, "तिथं कुणी मेलंय का?"

"नाय."

"मग ब्रेकर कसा देणार? आधी अपघात पाहिजे."

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "साहब, आमच्यात नंबर लावू का?"

*

ब्रेकर नाय, पण बोर्ड लागला: 'मोरांचा परिसर, वाहने सावकाश चालवा.' आता लोक मधेच गाडी थांबवतात, आणि मोर बाहेर यावा म्हणून हॉर्न वाजवतात!

*

शेवटी आम्हीच मुरूम टाकून उंचवटा केला. अर्ज दिल्यावर बघायला कधी कुणी फिरकलं नव्हतं. उंचवटा काढायला दुपारच्या आत जेसीबी हजर!

*

वृक्षारोपणाला मोठे पाहुणे आले. 'झाडं जगवा' म्हणून लई गोड भाषण झालं. गाड्या उभ्या कुठं? आम्ही जगवलेल्या रोपांवर!

मी ड्रायव्हरला हात जोडले. तो म्हणाला, "बाबा, ही मागच्या वर्षीची हायेत. कार्यक्रम यंदाचा हाये."

*

मग एकदा साहेब स्वतः पाहणीला आले. कारकुनासोबत वस्तीच्या बाजूला उतरले. आम्ही इकडं फाटकाशी. साहेब एक पाऊल पुढं टाकायचे, दोन मागं घ्यायचे. पाव तास गेला. मग गाडीत बसले आणि पुढच्या चौकातून वळसा घालून आमच्याकडं आले! कारकून तिकडंच राहिला.

बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी पंचनामा लिहिला. मी शाळा बघितली नाय. सलीमभाईंनी वाचून दाखवला, "रस्ता ओलांडण्यास कोणतीही अडचण आढळून आली नाही."

"करा सही, बाबा."

"माझा अंगठा हाये, साहेब."

साहेबांनी खिसे चाचपले. शाईचं पॅड रस्त्यापलीकडं, कारकुनाच्या पिशवीत!

"बाबा, जरा घेऊन या ना तिकडून."

मी कॅन खाली ठेवला, फाटकाजवळच्या दगडावर टेकलो. म्हणलं, "तुम्हीच या घेऊन, साहेब. आम्ही थांबतो. अडचण तर कायबी नाय."