मालक नसलेलं फोल्डर

अंकुश गेल्याचा फोन त्याच्या मेव्हण्यानं बीडच्या दवाखान्यातून केला, तेव्हा मी शाळेच्या सर्व्हरचा सकाळचा रिपोर्ट वाचत होतो. फोन ठेवला आणि उरलेला रिपोर्ट वाचून काढला. लोक म्हणतील, काय माणूस हाय हा... पण खरंच, मला काहीच वाटलं नाही. पुढचे सहा आठवडे तसाच बधिर होतो.

शिरूर कासारच्या आमच्या निवासी शाळेत आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून वर्षानुवर्षं संगणक सांभाळले. मुलं बहुतेक ऊसतोडीला गेलेल्यांची. ती आईबापांसाठी आवाजात निरोप भरून ठेवायची आणि आम्ही ते मुकादमांच्या मोबाईलवर पाठवायचो. त्यासाठी अंकुशनं सर्व्हरवर एक फोल्डर केलं होतं, पासवर्ड न मागता कुणालाही त्यात निरोप ठेवता यायचा. सुरक्षा तपासणारा लिनक्सचा प्रोग्राम मात्र रोज बोट ठेवायचा, हे फोल्डर सगळ्यांना उघडं का? तो गप्प बसावा म्हणून सूट द्यायच्या फोल्डरांची यादी लिहावी लागते. एकदा कंटाळून मी आख्ख्या डिस्कलाच सूट देऊन टाकली. अंकुश तसा चिडकाच, त्यानं यादी उघडली आणि पेटला.

"कावून केलं बे असं?"

"रोजची कटकट गेली की."

"एका पोराला बाहेर सोडायचं म्हणून भिंतच पाडतो का? जेवढ्याला लागती तेवढीच सूट दे. अन् बाजूला कारण लिही. उद्या आपण नसलो तर पुढच्याला कळाय पायजे."

मग माझी ओळ खोडून त्यानं त्या एकाच फोल्डरचं नाव लिहिलं. कारण लिहिलं, 'पोरांना घरी बोलायचं हाय.' आईबाप परतले की ती सूट तो न चुकता काढायचा आणि पुढच्या हंगामाला पुन्हा लिहायचा. मला हा चक्रमपणा वाटायचा, तसं मी तोंडावर म्हणायचोही.

तो गेल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्यांचं खातं काढून टाका, तपासणी पथक येणार आहे." मी टाकलं काढून. दुसऱ्या दिवशी रिपोर्टात नवी ओळ आली, निरोपांच्या फोल्डरला मालक नाही. अंकुशच्या नावाच्या जागी नुसता आकडा. दुरुस्ती मिनिटाची, मालक म्हणून माझं नाव घालायचं. पण मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. ती ओळ गेली की त्याचं इथलं सगळंच गेलं, असं वाटायचं. तशीच ठेवली असती, तर पथकानं फोल्डरच बंद करायला लावलं असतं आणि पोरं मुकी झाली असती.

पथक उद्या येतंय. आज सकाळी माझं नाव घातलं आणि तपासणी पुन्हा चालवली. एकही इशारा आला नाही. सवयीनं बाजूच्या टेबलाकडं वळून मी म्हणालो, "अंकुश, कोरा हाय रिपोर्ट."

"नीट बघ बे," असं कुणी म्हणालं नाही... तेव्हा कुठं मला रडू आलं.