तानबाची कॉफी अन् जामचे इवाई

आमच्या पिपरीत तवा कॉफी कोनी पीत नव्हतं. चहाच कुठं धड होता, तोबी गुळाचा. पन तानबाले कॉफीचं याड लागलं ते चिखलदऱ्याले. इमर्जन्सी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वावरात काम नव्हतं म्हून तानबा सडकेच्या कामावर तिकडं गेलता. तिथं कॉफीचे मळे. अन् गँगचा सैपाकी होता मद्रासकडचा, तो सकाळच्या थंडीत तीन दगडाच्या चुलीवर कॉफीचे हिरवे दाने भाजे. त्या वासानं तानबा गोधडी फेकून उठे. घरी बायको देवकाबाईचा त्याले उठवता उठवता गळा बसे, अन् तिथं हा नुसत्या वासानं उठे.

परत आला तं बायकोले लुगडं नाई, पोरीले चिवड्याची पुडी नाई. खांद्यावर कॉफीच्या दान्याचं गाठोडं.

देवकाबाईनं मूठभर दाने नाकाशी नेले. "याले तं वासच नाई."

"तापल्यावर येते," तानबा म्हने. "तुह्यासारखंच हाये ते. तापल्याशिवाय समजत नाई."

त्यानं पयल्यांदा भाजले ते देवकाबाईच्या चुलीवर. घरभर धूर झाला, शेजारीन घागर घेऊन धावत आली का यायच्या घरी आग लागली म्हून. त्या दिवशी देवकाबाईनं कढई, दाने अन् नवरा, तिन्ही बाहेर काढले. "माह्या चुलीवर हे जळकं काम नाई होत."

तवापासून तानबानं वावरात विहिरीजवळ बोरीखाली तीन दगड मांडले. तुराट्याचा जाळ करे, लोखंडी कढई ठेवे अन् पळसाच्या काडीनं दाने हालवत बसे. दाने हिरव्याचे पिवळे होत, पिवळ्याचे भुरे, मंग तडतड वाजत. वाजले का उतरवून सुपात पाखडे, सपाट गोट्यावर कुटे अन् पितळी गंजात पानी उकळून त्यात टाके. वरून थंड पान्याचा शितोडा मारला का गाळ खाली बसे. मंग दुपट्ट्यातून गाळून, गुळाचा खडा टाकून, डोळे मिटून पिये.

त्याचा साळा बाबाराव होता गावातच, त्यानं एकदा चाखली. म्हने, "भाटवे, हे तं जळल्या भाकरीचं पानी हाये. आमच्या घरी रोज भेटते. याच्यासाठी चिखलदऱ्याले कायले जा लागते?"

असं सारं गाव तानबाले हासे. तोबी हासे अन् पीत राहे.

मंग त्याच्या पोरीच्या, रुख्मीच्या लग्नाचं निघालं. हैदराबादच्या सडकेवर जामच्या फाट्यावर चंद्रभानजीचं चहाचं हाटेल होतं, त्याचा पोरगा रूपराव. पोरगा चांगला, कामाचा, भजे काढे तं लोक ट्रक थांबवत. रुख्मीनं त्याले मामाच्या लग्नात पायलं होतं. तोंडानं काई बोलली नाई, पन जामचं नाव निघालं का हातातलं काम सोडून दाराआड उभी राहे. तानबाच्या ध्यानात आलं होतं. पोरगी तिथंच गेली पायजे, हे त्यानं मनात धरून ठेवलं.

आता अडचन अशी, का आमच्याकडं पाव्हन्यानं पोरीच्या घरचा चहा पेला म्हंजे सोयरीक पसंत. कप न शिवता उठला म्हंजे नाई. तोंडानं 'कळवतो' म्हनते, पन ज्याले समजाचं त्याले समजते. अन् हे चंद्रभानजी कोनाच्याच घरी चहा पेत नव्हते. दिवसभर लोकायले चहा पाजून त्यायले चहाचा इट आलता. वरून तोंड असं, का कारलं खाऊन बसले. रूपरावसाठी पाच-सहा घरं पाहून झाले होते, कुठंच कपाले हात लावला नाई. रूपराव तसाच कुवारा.

बाबारावच ही सोयरीक जमवून राह्यला होता. तो डोकं धरून बसला. "भाटवे, तो मानूस चहा पेनार नाई. अन् चहा नाई पेला तं झालं."

"चहाच नाई पेत ना?" तानबा म्हने. "मंग कॉफी पाजतो."

बाबारावनं दुसऱ्या हातानंबी डोकं धरलं.

पाव्हने याच्या आदल्या दिवशी देवकाबाईनं कॉफीचं गाडगं उघडलं. पायते तं चार किडे फिरून राह्यले. उद्या इवाई होनार त्यायच्या कपात किडा गेला तं काय इज्जत राह्यली? तिनं तुरीच्या दायले करते तेच केलं. एरंडीचं तेल घेतलं अन् दान्यायले चांगलं चोळलं. दायले लावते ते तेल पुढं धुऊन जाते. कॉफी कोन धुते? तिचा हात तसाबी सैल, त्यात पोरीचं काम, बाटली अर्धी झाली. अन् हे तिनं कोनाले सांगतलं नाई. रोजचं काम कोन सांगत बसते?

दुसऱ्या दिवशी चंद्रभानजी अन् रूपराव आले. घर पायलं, पोरगी पायली, मंग वावर पाहाले निघाले. देवकाबाई अन् रुख्मी मांगून आल्या. तुरी डोक्याएवढ्या उभ्या होत्या. बोरीखाली घोंगडं टाकून पाव्हन्यायले बसवलं. चंद्रभानजीच्या तोंडावरची माशी हालत नव्हती.

बाबारावनं भीत भीत इचारलं, "चहा ठेवाले सांगू काय जी?"

"मी चहा पेत नाई कोनाकडं."

देवकाबाईनं पदर तोंडाले लावला.

"चहा कोन देऊन राह्यलं तुमाले?" तानबा म्हने, अन् त्यानं जाळ केला.

दाने कढईत पडले. तानबाले वाटलं, आज दाना कसा चमकून राह्यला, लक्ष्मी घरी याची हाये. धूरबी जास्त झाला, पन त्यानं तो तुराट्यावर लोटला. चंद्रभानजी मानूस हाटेलवाला, जाळापाशी कोनी काई करून राह्यलं तं त्याले राहवे ना. सरकत सरकत चुलीजवळ आले.

"काडी जरा जोरात फिरवा. खालचे करपून राह्यले."

"तुमीच फिरवा," तानबानं काडीच हाती देली.

कॉफी झाली. चंद्रभानजीनं कप घेतला. "मी पेत नाई, नुसतं पाहून राह्यलो कसं लागते."

"पाहा," बाबाराव म्हने.

पाहाता पाहाता कप रिकामा झाला. मंग दुसरा झाला. बाबारावनं तानबाले कोपर मारलं. तिकडं रूपरावचा कप हातातच थंड झाला, तो तुरीआडून दिसनाऱ्या रुख्मीच्या लुगड्याकडं पाहून राह्यला होता.

अन् चंद्रभानजीचं तोंड बदललं. पयले डोळे मोठे झाले. मंग हात पोटावर गेला. मंग ते उभे झाले अन् हळूच म्हने, "तानबाजी, डबा हाये काय?"

तानबानं विहिरीवरचा डबा भरून देला. चंद्रभानजी धोतर सावरत तुरीत असे घुसले, का पाखरं उडाले.

लय वेळ झाला. तानबा विहिरीभोवती चकरा माराले लागला. "बाबाराव, मी पोरीचं वाटोळं केलं रे." बाबाराव तुरीकडं पाहून राह्यला होता. मधात एकदा तुरी हालल्या, डबा घेऊन हात वर आला. तानबा धावत गेला, डबा भरून देऊन आला.

शेवटी चंद्रभानजी बाहेर आले. पावलं हळू, पन तोंड असं, का नुकतं आंघोळ करून देवाले जाऊन आले. अन् ते हासत होते. रूपराव घाबरून उभा झाला, त्यानं बापाले असं हासतानी पायलंच नव्हतं.

"तानबाजी," ते घोंगड्यावर आडवेच झाले, "दिवसभर गल्ल्यावर बसून पोटाचा गोटा झाला होता माह्या. किती वैद झाले, किती चूर्न झाले. सकाळी घरात कोनाशी नीट बोलत नव्हतो मी. आज तुमी मले सोडवलं. तारीख काढा."

तुरीआडचं लुगडं घराकडं धावत गेलं.

तानबाची छाती फुगली. आठ दिवस गावात सांगत फिरला, दाना कसा निवडला, जाळ कसा धरला. देवकाबाई ऐके अन् तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडे, पन पोरीचं सुख डोळ्यापुढं होतं, चूप राह्यली.

साखरपुड्याले मात्र चंद्रभानजी सगळ्यायच्या देखत बोलले, "आता ही कॉफी मी जामच्या हाटेलात ठेवतो. सगळे ट्रकवाले पेतीन."

देवकाबाईनं तानबाले भिंतीमांगं ओढलं अन् तेलाचं सारं सांगतलं. तानबाचं तोंड उतरलं. "म्हंजे माह्या हाताची काईच करामत नाई?"

"तुमच्या हाताचं मांगाहून पाहू. ते ट्रकवाले हैदराबादले जाते. वाटेत तुरी कुठं हायेत?"

तानबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं अन् बाहेर आला. "इवाई, ही कॉफी इकाची नाई. आमच्यात ही सोयऱ्यालेच पाजाची रीत हाये."

अशी रीत आमच्यात कधीच नव्हती. पन चंद्रभानजीले तो मान लय आवडला. लग्न धडाक्यात झालं, अन् पुढं मयन्या-दोन मयन्यानं ते मान घ्याले पिपरीले येत. ते बैलबंडीतून उतरताना दिसले का तानबा वावराकडं जाळ कराले जाये, अन् जाता जाता घराकडं तोंड करून सांगे, "इवाई आले वं." देवकाबाई पयले फळीवरची बाटली काढे, मंग दाने.