वार्सितीची साक्ष

आमच्याकडे माणूस मेला की जनाजा उचलण्याआधी मशिदीचा मोदीन, म्हणजे मयतीचं सगळं बघणारा माणूस, अंगणात जमलेल्या लोकांना विचारतो, "हा माणूस कसा होता?" लोक म्हणतात, "चांगला." मग तो विचारतो, "कुणाचं मन दुखावलं असेल, तर माफ केलंत ना?" लोक म्हणतात, "केलं." एवढी साक्ष मिळाली की मेलेला माणूस निर्धास्त निघतो. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. बायकोला रोज झोडपणाऱ्याला मी स्वतः चांगला म्हटलंय, आणि माझ्या काढ्यांत गटाराचं पाणी असतं असं गल्लीभर सांगत फिरणाऱ्या बाईलाही. उन्हात उभं राहून कोण वाद घालतो?

वार्सितीने घातला. तिची ही गोष्ट आहे, आणि सुरुवातीलाच सांगते, मी तिच्या बाजूची आहे. ज्यांना मोठ्या मनाच्या बाईची गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

आम्ही दोघी वोनोगिरीच्या डोंगरातल्या एकाच गावच्या. त्या गावात दगड पिकतात आणि बाक्सो विकणारे पिकतात. मांसाच्या गोळ्यांचं ते सूप गाडीवर घालून जाकार्ताच्या गल्ल्यांत हिंडणारा दर दुसरा माणूस आमच्याकडचा. मी आधीच इथे येऊन पाठीवर बाटल्या बांधून काढे विकत होते. वार्सिती नंतर आली, नवरा पार्नो आणि लहानगी एंदांग यांना घेऊन. त्यांना आणलं पाक गिमिनने; आमच्यात मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू.

पाक गिमिन आमच्या गावचा मोठा माणूस. जाकार्तातल्या मांगराईत त्याचं दुमजली घर होतं. खाली गाड्या उभ्या, मागे मोठमोठी पातेली, वर गावाकडून आणलेली कुटुंबं. तो ईदला गावी यायचा, मांडी ठोकून बसायचा आणि म्हणायचा, "चला जाकार्ताला, मी बसलोय ना." पार्नो लगेच तयार झाला. वार्सिती होईना. तिला आई होती, आणि आईला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

शेवटी पाक गिमिन स्वतः म्हातारीकडे गेला. मीही तेव्हा ईदसाठी गावीच होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. म्हातारी पानाची चंची सोडत म्हणाली, "लेकीला घेऊन जा बाबा. पण मी गेले की मला आंघोळ घालायला तीच पाहिजे. परक्या बायकांच्या मांडीवर मला निजवू नका."

आमच्यात मेलेल्या आईला लेकी मांडीवर आडवं घेतात आणि वरून पाणी घालतात. जिने आपल्याला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, तिचं ते शेवटचं न्हाणं.

पाक गिमिन म्हणाला, "म्बोक, माझे आई, निरोप आला की त्याच दिवशी मी तिला बसमध्ये बसवेन. हा माझा शब्द." आणि म्हातारीचा हात हातात घेऊन त्याने कपाळाला लावला. मग वार्सिती उठली. शेळ्या विकल्या, स्वतःच्या घराला कडी घातली, चटणी वाटायचा आईने दिलेला दगडी खल फडक्यात बांधला आणि तिघं बसमध्ये चढली. एंदांग वाटभर ओकत होती. जाकार्तात उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "आई, इथे डोंगर कुठे ठेवलेत?"

पहिली दोन वर्षं बरी गेली. पार्नो गाडी ढकलायचा आणि वार्सिती मागच्या पडवीत गोळे करायची. सारण डाव्या मुठीत घ्यायचं, दाबून अंगठ्यापाशी गोळा वर काढायचा आणि चमच्याने उचलून गरम पाण्यात सोडायचा. सगळ्याच बायका हे करतात, पण वार्सितीचे गोळे पाण्यात पडले की एका मापाचे दिसायचे. पाक गिमिन पाहुण्यांना मुद्दाम पडवीत आणून तिचे हात दाखवायचा. त्या हातांनीच घात केला.

एका बड्या साहेबाच्या मुलीचं लग्न होतं आणि बाक्सोचं काम पाक गिमिनला मिळालं होतं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. पडवीत दिवसभर चुली पेटलेल्या असायच्या. आणि नेमका त्या धांदलीत गावाहून फोन आला. गल्लीत टेलिफोन एकच, पाक गिमिनच्या बैठकीत, वर भरतकामाचं झाकण घातलेला. त्याने फोन घेतला, ऐकला, खाली ठेवला आणि पडवीत येऊन वार्सितीला म्हणाला, "हात चालू दे गं, आज अजून दोन पातेली व्हायचीत."

तीन दिवस. तीन दिवस ती हसत, गाणी म्हणत गोळे करत होती, आणि तिकडे शेजारच्या बायकांनी तिच्या आईला मांडीवर घेऊन आंघोळ घातली, कफन गुंडाळलं, पुरलं. लग्न पार पडलं, पातेली घासून झाली, तेव्हा पाक गिमिनने तिला बैठकीत बोलावून सांगितलं.

ती तशीच, ओल्या हातांनी दाराकडे धावली. तो मागून म्हणाला, "आता घाई कसली? माती तर झाली."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. बू गिमिनसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, हळदीचा काढा घेऊन मी तिथेच उभी होते. तो वाईट हेतूने बोलला असंही नाही. त्याला खरंच वाटत होतं की घाई नाही. अशा माणसांचा मला जास्त राग येतो.

वार्सिती गावी गेली, कबरीवर पाणी घालून परत आली. आल्या दिवशीच तिने बोचकं आवरलं. गावी परतायला मागे शेळीही उरली नव्हती. लोकांना वाटलं, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल. तिने पाक गिमिनच्या घरापुढच्या कालव्यावरचा पूल ओलांडला आणि बरोबर समोरच खोली घेतली.

मी म्हटलं, "अगं, लांब जा. रोज त्याचं तोंड कशाला बघतेस?"

"मी नाही बघत," ती म्हणाली. "त्याला माझं बघायला लागावं म्हणून इथे राहते."

तिने डूख धरला तो असा. नवरा-बायकोने स्वतःची गाडी घातली. तिच्या हाताची चव लोकांना ठाऊक होती, गिऱ्हाईक आपोआप पूल ओलांडून आलं. पण धंदा हा काही तिचा सूड नव्हता, ते पोटासाठी होतं. सूड होता ईदला. त्या दिवशी आमची अख्खी गल्ली एकमेकांकडे जाते, लहान मोठ्यांचा हात कपाळाला लावतात आणि म्हणतात, "कळत-नकळत झालेलं सगळं माफ करा." पाक गिमिनच्या दारात तर रांग लागायची. वार्सिती नवं बातिक नेसून, पार्नो आणि एंदांगला घेऊन त्या दारावरून सावकाश जायची. उजवीकडच्या घरात जायची, डावीकडच्या घरात जायची. मधलं घर सोडून.

तो खुर्चीतून बघायचा. पहिल्या वर्षी हसला. नंतर त्याने बायकोच्या हाती डब्यातून फराळ पाठवायला सुरुवात केली. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान चार केळी तरी ठेवायची. वार्सिती डबा घासून, पुसून, रिकामा पाठवायची. तरी बू गिमिन दर वर्षी भरून आणायची. कोडगेपणा म्हणावा की चिकाटी, मला ठरवता आलं नाही.

पार्नो बिचारा गरीब गाय. म्हणायचा, "सोड ना आता. म्हातारा झालाय तो."

"माझी आईपण म्हातारीच होती."

पुढे पाक गिमिनचं एक अंग लुळं पडलं, आणि माणूस जरा देवाकडे वळला. मशिदीत हातपाय धुवायच्या जागी त्याने फरशी बसवून दिली. मशिदीवरून जाताना वार्सिती म्हणाली, "लोकांच्या हातापायांची सोय झाली. आता फक्त ह्यांचे हात धुवायचे राहिले."

त्याने मोदीनकरवी निरोप पाठवला, येऊन भेट. तिने सांगितलं, "येईन की. विचारतील त्या दिवशी येईन."

कुठल्या दिवशी, हे गल्लीत कुणाला सांगावं लागलं नाही. मोदीन कपाळाला हात लावून गेला. एंदांग तोवर नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "आई, देव काय म्हणेल?"

"देव विचारील तेव्हा त्यालाही सांगेन. त्याच्यापासून मी काही लपवलेलं नाही."

पाक गिमिन सकाळी गेला. भोंग्यावरून नाव पुकारलं तेव्हा वार्सिती गाडीवर कांद्याची पात चिरत होती. तिने सुरी धुतली, गाडीवर ताडपत्री ओढली. तेवढ्यात त्याचा मुलगा मुल्योनो पुलावरून धावत आला. भला पोरगा, बापासारखा नाही.

"बू, आज गाडी चालू ठेवा ना," तो खाली बघत म्हणाला. "बाहेरगावचे लोक येतील, भुकेले असतील."

"आज मी सुट्टी घेतलीय, बाळा. पाहुण्यांना दुसरीकडे जेवायला सांग."

"बू, मी त्यांच्या वतीने माफी मागतो. तुमच्या पाया पडतो."

"तू मला काय केलंयस? ऊठ. तुला तर मी दुपट्यात खेळवलंय."

ती काळी ओढणी घेऊन निघाली आणि मी तिच्या मागोमाग. अंगण फुलून गेलं होतं. बायका एका अंगाला, पुरुष समोर, मध्ये हिरव्या चादरीखाली पाक गिमिन. मोदीनने वार्सितीला पाहिलं. तरी त्याने विचारलं, "लोकहो, हा माणूस कसा होता?"

"चांगला," सगळे म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. कुणी दुसरं काही बोललंच तर ऐकू जाऊ नये म्हणून. वार्सिती गप्प होती. मोदीनला धीर आला. त्याने विचारलं, "कुणाचं मन दुखावलं असेल, तर माफ केलंत ना?"

"केलं," म्हणेपर्यंत तिने हात वर केला होता.

"मला तीन दिवसांनी विचारा," ती म्हणाली.

मोदीन म्हणाला, "बू वार्सिती, मय्यत थांबवता येत नाही."

"येते. निरोप तीन दिवस थांबवता येतो, मग मय्यत का नाही? कसं थांबवायचं ते ह्यांनीच मला शिकवलंय."

तिचा आवाज चढला नव्हता, गिऱ्हाइकाला तिखट किती विचारावं तसा होता. मोदीनने इकडेतिकडे बघितलं. मुल्योनोने डोळे पुसले आणि उचला अशी मान हलवली. जनाजा उचलला. पाक गिमिन एक साक्ष कमी घेऊन गेला, आणि गेली कित्येक वर्षं त्याला ज्याची भीती होती ते त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांसमोर झालं. मला बरं वाटलं. घरी येऊन मी आल्याचा काढा केला आणि स्वतःच प्यायले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे प्रार्थना होती. ती उरकल्यावर दुपारी बू गिमिन तोच डबा घेऊन पूल ओलांडून आली. वार्सिती दारात पातेल्यापाशी गोळे करत होती, मी शेजारीच माझ्या काढ्याच्या बाटल्या धूत होते. बू गिमिनने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारी बसली. बसायला तिला वेळ लागला, गुडघे गेलेत तिचे.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस म्हणून आले. आता विचारते. केलंस का माफ?"

वार्सितीने मूठ दाबली, गोळा चमच्याने उचलला, पाण्यात सोडला.

"आता घाई कसली, बू? माती तर झाली."

बू गिमिनने ते वाक्य ओळखलं. त्या दिवशी तीही बैठकीतच होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं एवढं धरून बसायचं, वार्सिती?"

"तुमच्या आईला आंघोळ कुणी घातली, बू?"

"मी."

"मांडीवर घेऊन?"

बू गिमिनने मान खाली घातली. "मांडीवर घेऊन," ती म्हणाली.

"हलकी होती का?"

"फार हलकी होती गं."

"माझी कशी होती, ते मला कधीच कळणार नाही," वार्सिती म्हणाली आणि पुढचं सारण मुठीत घेतलं.

बू गिमिन रडली. वार्सितीने तिला रडू दिलं, गप्प कर म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हातारी उठली. वार्सितीने डब्यातला भात आमच्या थाळीत काढला, डबा घासला, पुसला आणि तिच्या हातात दिला. रिकामा.

ती पूल ओलांडून गेल्यावर मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"हो," वार्सिती म्हणाली. "पण आईला अजून परक्या बायकांनीच आंघोळ घातलेली आहे."

मग तिने मला चूल मोठी करायला सांगितलं, कारण संध्याकाळचं गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती.