मंडपातलं उलटं घड्याळ

आमच्याकडच्या लग्नात दोन घड्याळं कधी जुळली नाहीत. मुलीकडच्यांचं पुढं, मुलाकडच्यांचं मागं, आणि भांडण बरोबर मधोमध. थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेव मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत इतका रमतगमत आला की अक्षता पडेस्तोवर निम्मे पाहुणे निघून गेले. त्यामुळे धाकटीच्या वेळी वडिलांनी हट्टच धरला: बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीस. गुरुजींना त्यानंतर शिरड शहापूरला दुसरं लग्न लावायचं होतं. ते थांबणार नव्हते.

तेव्हा आखाडा बाळापुरात माझं नेट कॅफे होतं. पुस्तक मांडीवर घेऊन मी वेबपानं बनवायला नुकताच शिकलो होतो. माझ्याहून जास्त येणारं गावात कोणी नव्हतं, याचा मी पुरेपूर फायदा उठवत असे. "मंडपात कंप्युटर लावतो," मी जाहीर केलं. "मुहूर्ताला किती वेळ राहिला ते मोठ्या आकड्यांत दिसंल." नवरदेवाच्या मामांनाही पटलं. दोन्हीकडच्यांच्या बैठकीत ठरलं: कंप्युटर सांगंल तोच टाइम बराबर, मनगटावरची घड्याळं बाद.

लग्नाच्या दिवशी जनरेटर धडधडला, पडदा उजळला. साडेअकराच्या सुमाराला मामा मोटारसायकलवर बघायला आले. एक तास, शून्य मिनिटं.

"दम हाय अजून," म्हणत ते देवळाकडं परतले. बँडचा आवाज वाढला.

थोड्या वेळानं पुन्हा आले. एक तास, शून्य मिनिटं. खुशीत परतले.

तिसऱ्यांदा आले ते हसतच. "पावनं, तुमचा कंप्युटर लई मोठ्या मनाचा हाय!"

वडील माझ्या कानाशी आले. "काहून रं, हे मेलं काय? गुरुजी पिशवी भरून राहिले."

मी आधी जनरेटरला शिव्या घातल्या, मग वायर हलवली, मग माऊस आपटला. शेवटी नाइलाजानं स्वतः लिहिलेलं वाचलं. कंप्युटरच्या तारखेत तास, मिनिटं, सेकंद असे वेगवेगळे खण असतात. मी तासाच्या खणात बारा भरले होते आणि बाकीचं तो समजून घेईल असं धरून चाललो होतो. तो काय आमचा भाऊबंद आहे, न सांगता समजून घ्यायला? दर सेकंदाला तो आत्ताची वेळ घ्यायचा, तिचा फक्त तास बदलून बारा करायचा, मिनिटं-सेकंद आत्ताचीच. म्हणजे घड्याळ जितकं पुढं सरके, तितकाच माझा मुहूर्तही पुढं सरके. मुलाकडच्यांना इतका सोयीचा मुहूर्त कोणत्या पंचांगात मिळाला असता!

मी बारा, पस्तीस, शून्य असे तिन्ही खण भरले आणि पान पुन्हा उघडलं. पडद्यावर एकदम चव्वेचाळीस मिनिटं! आणि तीही भराभर उतरणारी.

मामांचं हसू मावळलं. "आत्ता तर तास होता की!"

"मामा, आता पळायला लागलाय," मी गंभीरपणे सांगितलं. "पुन्हा कधी उडी मारंल, भरोसा न्हाई."

"तुमीच म्हनले ना," वडील म्हणाले, "कंप्युटर सांगंल तेच बराबर!"

मामांनी किक मारली. मग आमच्या गावानं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. गाणं अर्ध्यात सोडून बँडवाले पळत होते, जन्मात न पळालेलं वरातीचं घोडं दुडक्या चालीनं येत होतं, आणि सगळ्यांपुढं मामा, "चला रे, टाइम पळून राहिला!"

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तेव्हा अख्खा मंडप पडद्याकडं बघून उलटे आकडे मोजत होता. तीन, दोन, एक, आणि अक्षता! गुरुजींनीसुद्धा घड्याळ कानाला लावून पाहिलं. पाहुण्यांनी वडिलांना उचललं, वडिलांनी मला मिठी मारली, आणि मामा ज्याला-त्याला सांगत सुटले, "पोरगं लई हुशार हाय, मुद्दाम आमाला झोपवून पळवलं." मी मान खाली घालून ते कबूल केलं.

पंगती बसल्यावर लक्षात आलं, शून्यानंतर काय करायचं हे मी लिहिलंच नव्हतं. आकडे उण्यात जाऊन वाढत होते. मी बंद करायला गेलो, तर वडिलांनी हात धरला.

"राहू दे. लेकरू सासरचं होऊन किती वेळ झाला, तेवढं तरी कळंल."