खिडकीतला डबा

कोर्टाच्या खिडकीतल्या बाबूचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मान वर करत नाही, सौंफ चघळत बोलतो आणि कागद परत ढकलताना म्हणतो, "बाबा, हे असं नाही चालणार." मशीनमध्ये माझा उजवा हात गेला, तरी अपंगांची पेन्शन नामंजूर झाली. त्यावर अपील करायच्या शेवटच्या दिवशी मी पोचलो, तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

"अंगठा लावून टाका ना बाबा, टाइम नाहीये," चपराशी शटर ओढत म्हणाला.

"सही येते मला," मी म्हटलं. डाव्या हाताने वेळ लागतो, पण अंगठा मी लावत नाही.

शटर खाली आलं आणि खण्णकन अडकलं. बाबूने आपला जेवणाचा डबा मध्ये सारला होता.

"डबा फसलाय भिया. निघेपर्यंत खिडकी चालू," तो चपराशाला म्हणाला. मग तशीच मान खाली ठेवून मला, "पूर्ण नाव लिहा, नाहीतर परत ढकलीन."

मी पूर्ण नाव लिहिलं. त्याने शिक्का मारला, मगच डबा काढला.

आता तारखेला जातो तेव्हा त्या डब्याला रबर लावलेलं दिसतं, झाकण बसत नाही. धन्यवाद काही मी म्हटलं नाही. सौंफेची पुडी तेवढी खिडकीत ठेवतो. ती तो परत ढकलत नाही.