बाबांच्या पान्यांची पिशवी

लालबागच्या खोलीतला माळा आवरताना बाबांची पान्यांची पिशवी उघडली आणि मशीन ऑइलचा वास आला. संपापर्यंत बाबा गिरणीत फिटर होते. नंतर त्या पान्यांना काम उरलं नाही, तरी दर रविवारी ते पुसून, तेल लावून परत ठेवायचे. बऱ्याच वर्षांनी मला बरा पगार मिळू लागला, तेव्हा मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली. शीवच्या एका गॅरेजमध्ये दोन पसंत पडल्या. एकीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जायचा, दुसरीत चारही चाकांना. बाबा पिशवी घेऊनच आले. "काका, पावसात चारही चाकं रस्ता धरतात," गॅरेजवाला म्हणाला. बाबांनी शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आणि ते हातात टॉर्च घेऊन दोन्ही गाड्यांखाली शिरले. बाहेर येऊन त्यांनी पहिलीवर हात ठेवला. "ही घे. साधा शाफ्ट आहे. बिघडली तर मी खोलीन." "बाबा, आता घरी कोण गाडी खोलतं?" मी हसत म्हणाले. त्यांनी हात पुसले आणि पिशवीची नाडी बांधली. मी दुसरी घेतली. ती नऊ वर्षांत एकदाही बिघडली नाही, पण हे मी कुणाला कौतुकाने सांगत नाही.